वलिक्कुदा?

संक्रांत झाली की बोअरच्या गाड्या येतात.
तिरुचेंगोडहून निघून दोन दिवस, दोन रात्री,
अहमदपुरात आमच्या लिंबाखाली लागतात
अन् मी तांदूळ वाढवते.
सोळा वर्षं झाली डबे देऊन.
सांबारात गूळ चालत नाही, हे पहिल्याच साली कळलं.
चेल्लैया कळायला तीन सालं गेली.

ओमप्पोडी चेल्लैया.
ओमप्पोडी म्हणजे आपली बारीक शेव.
अंगानं तसाच, हात लावला तर मोडंल असा,
म्हणून नाटक कंपनीच्या मालकानं नाव ठेवलं
अन् पगार बी नावासारखाच दिला.
हे मला सेंगोट्टुवेल सांगायचा,
अर्धं हिंदी, अर्धं हातानं,
ताटावर फुटका मोबाईल टेकवून.

वजनकाट्यावर उभा राहतो चेल्लैया.
नाणं टाकतो. लाल-पिवळे दिवे फिरतात.
काटा हलत नाही.
तो खाली उतरतो,
मशीनच्या पाठीवरून हात फिरवतो,
जसं काही तिचंच चुकलंय अन् घरी कुणाला सांगणार नाही.
मी हसले तेव्हा कढी उतू गेली.
एक शब्द समजला नव्हता. तिथं शब्दच नव्हता.

एकशे बहात्तर सिनेमे.
सगळ्यात मार खाल्ला.
हिरोचा, हिरोच्या मामाचा, एकदा तर बैलाचा.
दर चापटीनंतर गाल सोडून
मारणाऱ्याचा हात हातात घ्यायचा,
तळवा उलटा करून बघायचा
अन् इचारायचा, वलिक्कुदा?
दुखतंय का?
अख्खं थेटर खुर्च्यांवरून खाली.
डावा कान कधीचा गेला होता त्याचा.
कुणी बोलायला आलं की उजवीकडून वळायचा,
लोक त्यालाही हसायचे.

शेवटी एकदा बापाचं काम मिळालं.
पोरीच्या चितेपाशी बसला,
पब्लिक सवयीनं हसलं.
तो मागच्या रांगेत होता म्हणे, टॉवेल गुंडाळून.
उठून गेला, चहाचे पैसे द्यायचे राहिले.
दुसऱ्या दिवशी येऊन देऊन गेला.

तो गेला त्या दिवशी
मंगल कार्यालयामागं बोअर चालू होती,
चारशे दहा फूट, नुसता पांढरा फुफाटा.
पळणीच्या फोनवर बातमी आली
अन् कॉम्प्रेसर बंद झाला.
इतकी शांतता, की मला डब्यांच्या कड्या वाजलेल्या ऐकू आल्या.
सात माणसं, भुवयांपर्यंत पांढरी, उभी.

खंडागळे मालक तरातरा आले.
परवा लग्न, पाणी नाही, अन् तुम्ही कुणासाठी थांबलात?
नटासाठी?
सेंगोट्टुवेल काही बोलला नाही.
बसली.
खरीच बसली, गालावरची धूळ उडाली,
खाली काळा गाल दिसला, चार बोटांचा.

त्यानं मालकाचा हात धरला.
मला वाटलं आता होतंय काहीतरी.
त्यानं तळवा उलटा केला,
हळूच, जसं लेकराच्या हातातला काटा बघावा,
अन् म्हणाला,
वलिक्कुदा?

आधी पळणी हसला. मग सगळे.
हसत हसत खाली बसले, डोळ्यांतून पांढरा चिखल.
मीही हसले, डबे खाली ठेवून.
खंडागळे मालक नुसते हाताकडं बघत राहिले,
दुसऱ्याचा असल्यासारखं.
मग गेले.
संध्याकाळी कार्यालयातून चहाची किटली आली. कुणी काही बोललं नाही.
पाणी लागलं का?
सहाशेला लागलं, दोन इंची. खारं.

सेंगोट्टुवेल आता येत नाही,
दुसरी पोरं येतात, त्यांचे नट वेगळे.
पण काल माझा नातू पायरीवर आपटला,
गुडघा फुटला, भोकाड पसरायला तोंड उघडलं,
अन् मधेच थांबून
पायरीला थोपटत म्हणाला,
वलिक्कुदा?

मी इचारलं, कुणी शिकवलं रे?
म्हणाला, शाळेत सगळेच म्हणतात.
कोणत्या भाषेतलं आहे?
आपल्याच की, म्हणाला,
अन् हळद मागायला आत आला.