नमुना सत्तेचाळीस

हतनूरच्या खाली, तापी जिथे उथळ होते,
केळीच्या खोडाशी वीतभर खणलं.
डबीवर लिहिलं: सत्तेचाळीस. काळी. ओलसर. दुपारचे चार.
काचसामान धुता धुता लोटन सपकाळे म्हणाला,
"काय शे ताई यामा?"
म्हटलं, चिमटीभर मातीत
जळगाव जिल्ह्याहून जास्त वस्ती आहे.
"मंग यास्नं मतदान कथा व्हस?"

आठव्या दिवशी थाळीत उगवलं ते
खडूची भुकटी सांडावी तसं,
पांढरं, कोरडं, सुईनं उचलू जावं तर आत रुतलेलं.
झाकण काढलं
आणि एप्रिलच्या रखरखीत दुपारी
खोलीभर ओल्या ढेकळांचा वास.
हा वास पाण्याचा नाही, यांचा,
असं बी.एस्सी.च्या पोरींना मी दरवर्षी सांगते.
त्या वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत पाणीच लिहितात.

त्याला अठ्ठावीस अंश लागतात.
मे महिन्यात जळगावात
अठ्ठावीस अंश रात्री तीनलाही मिळत नाहीत.
चंबूत सोयाबीनचं पातळ पिठलं,
शेकर गरगरतोय, एसी धापा टाकतोय,
आणि अकरा तारखेला ट्रान्सफॉर्मर जळाला.
दोन दिवस लागतील, म्हणाले. म्हणजे चार.

बारा चंबू केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून
मी सावद्याला नेले,
प्रल्हाद नेहेत्यांच्या पिकवणीच्या खोलीत,
जिथे जनरेटर बंद पडू देत नाहीत
कारण केळी कुणासाठी थांबत नाहीत.
"माझ्या मालाले काही होनार नाही ना?"
म्हटलं, बोळे कापसाचे आहेत, घट्ट बसवलेत.
कापसाचं नाव ऐकून त्यांनी दार उघडलं.

सतरा अंश. हलवणारं कोणी नाही.
हिरव्या घडांच्या रांगेमागे
ते तीन दिवस गारठून, उपाशी.

घरी आई बिबड्यांची ज्वारी आंबवते.
तिसऱ्या दिवशी पातेल्याला नाक लावते,
म्हणते, झाली.
मला चंबू परत आणल्यावर
साडेतीन लाखांचं यंत्र लागलं
एवढंच कळायला, की पिठलं पिवळं पडलंय.

पोट भरलेलं असतं तोवर हा जीव औषध करत नाही.
साखर संपते, वाढ खुंटते,
शेजारी अंगाशी सरकतात,
तेव्हा कुठे आत काहीतरी विणायला घेतो.
मारायला, की नुसतं बोलायला,
यावर आमच्यात अजून भांडणं आहेत.

सिव्हिलमधून आलेला पुवाचा जंतू,
सहा औषधांना न जुमानलेला.
खाट नंबर अकरा. नाव आम्हाला सांगत नाहीत.
त्याची साय थाळीभर पसरली,
मधोमध सत्तेचाळीसचा एक थेंब.
सकाळी थेंबाभोवती
खळ्यात मेढीभोवती जागा मोकळी व्हावी
तसा स्वच्छ गोल.
फूटपट्टी लावली. चोवीस मिलिमीटर.
पुन्हा लावली.
लोटननं हात पुसून लावली. त्याचे पंचवीस आले.

पुण्याहून अहवाल यायला पावणेदोन महिने गेले.
रेणू ओळखीचा निघाला.
सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या मातीत
दुसऱ्या कुणाला सापडलेला,
आणि मूत्रपिंडाला झेपत नाही म्हणून
तिथेच सोडून दिलेला.
अकरा नंबरचं काय झालं, मी फोन करून विचारलं.
खाट रिकामी आहे, म्हणाले.
बरं होऊन की कसं, ते पलीकडच्या माणसाला ठाऊक नव्हतं.

सत्तेचाळीसला ग्लिसरीनमध्ये घालून
उणे ऐंशीत निजवलं.
वहीत शेवटच्या रकान्यात लिहिलं: ज्ञात.
शाई फुटली, तरी खोडलं नाही.

सोमवारी लोटननं टेबलावर
जर्द्याची डबी ठेवली.
"मेंढ्या बसतस तठली."
निर्जंतुक नाही, खोली मोजलेली नाही,
आत तंबाखूचे दोन तुकडे.
असला नमुना नियमात बसत नाही,
हे मी त्याला नीट समजावून सांगितलं.
तो चंबू धुवायला गेला.
मी लेबल काढलं
आणि लिहिलं, अठ्ठेचाळीस.