मनगटभर पाणी

सन्मतीच्या हातावर चहा सांडला
तेव्हा मी मार्केट यार्डातून नुकताच आलेलो,
नखांत अजून राजापुरीची भुकटी.

हिनं आधी टूथपेस्ट थापली.
मी म्हटलं, पूस ती,
आणि मूठभर हळद दाबली.
दुकानातली पुडी नव्हे,
सकाळच्या सौद्यात जिला सगळ्यात चढा भाव लागला, ती.
शेजारच्या पाटलीणबाई बर्फ घेऊन धावल्या.
पोरगं किंचाळत होतं,
आम्ही तिघं त्याच्यावर
जीव ओतत होतो.

सिव्हिलला मुल्ला सिस्टरांनी
काही न बोलता त्याचा हात नळाखाली धरला.
पिवळं पाणी गेलं, मग फिकं,
मग नुसतं पाणी.
खाली लालभडक कातडी.
फोड फुटलेला,
माझ्याच अंगठ्यानं.

वीस मिनिटं.
घड्याळाकडं बघत उभा राहिलो.
तो हुंदके देत देत गप्प झाला,
धारेशी बोटं हलवू लागला.

"घरी नळ नव्हता?"
सिस्टरांनी सहज विचारलं,
गॉज कापता कापता.

होता की.
सांगलीत राहतो आम्ही.
पुराची रेघ आहे स्वयंपाकघराच्या भिंतीवर,
माझ्या खांद्याला लागते.
बरोब्बर तिच्याखाली नळ.