सोमवार, शून्य वाजून शून्य मिनिटं

तार्तूत उणे चौदा. नदीकाठचं तळघर, माझं दुकान.
उल्लेच्या बुटांखाली बर्फाचं डबकं होत चाललेलं.
टेबलावर लॅपटॉप ठेवून म्हणाली,
रविवारी रात्री पुसलं. रागाच्या भरात.
काय पुसलंत?
आर्नेचा आवाज.

सात हिवाळे तिचा भाऊ पेइप्सी तलावावर
पहाटे गिरमिटानं भोक पाडायचा आणि फोनमध्ये बोलायचा:
"बावीस सेंटिमीटर. ये."
"नऊ. येऊ नकोस. कुत्र्यालाही सोडू नकोस."
एवढंच.
मग होडीच्या वाटणीवरून बिनसलं,
तिनं अख्खा फोल्डर उचलून फेकला.
गुरुवारी डॉक्टरांनी आर्नेचा गळा उघडला.
गाठ निघाली. सोबत आवाजही.

मी तिला समजावतो, जसं सगळ्यांना समजावतो:
पुसलं म्हणजे फक्त दारावरची पाटी काढली,
बिऱ्हाड आत तसंच असतं, भांड्याकुंड्यांसकट.
फिरत्या तबकड्यांच्या काळात मी
दोन-दोन वर्षांनी लोकांची लग्नं परत काढून दिलीत.
पण ही चिप.
हिला रिकामी खोली रिकामी आहे
असं कुणीतरी सांगावं लागतं,
नाहीतर निघून गेलेल्यांचं सामान जपत बसते,
इकडून तिकडे हलवत, झिजत, मंदावत.
म्हणून दर सोमवारी मध्यरात्री
एक छोटा कारकून उठतो
आणि रिकाम्या खोल्यांची यादी वाचून दाखवतो.
मशीन बंद असलं तर खाडा लक्षात ठेवतो,
चालू होताच आधी राहिलेलं उरकतो.

सोमवारी लॅपटॉप उघडलात?
"हवामान बघायला."

शून्य. शून्य. शून्य. पानंच्या पानं.

"याला मी हो म्हटलं होतं?"
नाही. विचारलंच नाही कुणी. डिफॉल्ट आहे.
"मग ठरवलं कुणी?"

कुणीतरी, कुठेतरी, बऱ्याच वादानंतर.
एक म्हणाला असेल, लगेच कळवा.
दुसरा, कधीच नको, मालकाला ठरवू दे.
आणि तिसरा, ज्याला घरी जायचं होतं,
म्हणाला असेल, आठवड्यातून एकदा.
शहाणपणाचंच आहे. मीही हात वर केला असता.
तिला गुन्हेगार हवा होता,
माझ्याकडे एक समंजस ओळ होती फक्त.

जिन्यावर कुणीतरी उभं होतं. मफलर नाकापर्यंत.
आर्ने. गाडीत थांबतो म्हणाला होता,
म्हणजे, लिहिलं होतं.
माझी पेन्सिल घेतली, पावतीच्या पाठीमागे खरडलं:
३१.
थांबला. खाली आणखी एक शब्द. तो मी वाचला नाही,
उल्लेनं हाताखाली झाकला.

पुढच्या रविवारी रात्री माझ्या मशीनवर
मी ती ओळ उघडली. बदलता येते.
एका शब्दाचं काम.
बाराला अकरा मिनिटं होती, कॉफी गार झालेली,
आणि डिस्क हल्ली चांगली पळते माझी.
झाकण लावलं नाही. ओळही तशीच.