दरपत्रक

वेर्ण्याच्या वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये
मी आकाशातल्या गॅरेजची कोटेशनं काढते.
गिऱ्हाईक: दूरसंचार उपग्रह, वय पंधरा,
विषुववृत्ताच्या डोक्यावर छत्तीस हजार किलोमीटर.
आजार: काही नाही.
पंख शाबूत, अँटेना शाबूत,
बॅटरी कुरकुरते, पण त्या वयात कोण कुरकुरत नाही?
फक्त टाकीत वीस किलो इंधन उरलंय.
त्यातलं नऊ किलो शिवायचं नाही,
ते शेवटच्या प्रवासाचं,
तीनशे किलोमीटर वर, मेलेल्यांच्या कक्षेत.
आमच्या वाड्यावरची म्हातारी माणसं
पेटीच्या तळाशी ठेवायची तसंच,
स्वतःला उचलण्यापुरतं.

इंधन स्वस्त. शीटवरची सगळ्यात बारीक ओळ तीच.
पोचवणं महाग.
पोदेर एकच उंडा घेऊन मडगावाहून सायकल मारत आला
तर त्या उंड्याचे किती घेईल?
म्हणून फेरी आखायची:
एकाच वाटेवरची पाच घरं,
आणि घाई नसेल तर
एका दारातून दुसऱ्या दारात जायला जवळपास फुकट,
नुसतं सावकाश सरकत राहायचं.
सहावं घर नकाशावर अगदी शेजारी,
पण त्याची वाट चार अंशांनी तिरकी.
त्या चार अंशांत
एखाद्याचं चार वर्षांचं इंधन जळून जातं.
सहाव्याला मी नम्रपणे नाही कळवते.

विम्याचा माणूस फोनवर:
धक्का लागला तर?
म्हटलं, तर दोन भंगार, एकाच्या जागी.
तो हसला नाही. हप्ता वाढवला.

रविवारी रासईला गेले.
बाबा, कुष्टा दुर्भाटकर, बार्जचा फिटर, चाळीस वर्षं,
पडवीत तिसऱ्या सोलत बसलेला.
सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,
'टाकयेचें तोंड खंय?'
बंद आहे, बाबा.
तीन टोपणं, त्यांना तारेचे पीळ, वर सोनेरी चादर.
जमिनीवर भरली, बांधली, सोडली.
पुन्हा कोणी येईल असं
बांधणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.
आमचा यंत्राचा हात चार तास
नुसती तार कापत बसणार आहे.

बाबा गप्प.
समोर नदीत ओहोटी लागलेली,
खाजणाच्या कडेला 'शांतेरी' उभी होती ती जागा रिकामी.
खाणी थांबल्या तेव्हा तिचं इंजीन एका हाकेत उठायचं.
तिचाही हिशोब झाला होता:
एका बाजूला रंग, तळ, परवाना,
दुसऱ्या बाजूला किलोचा भाव.
मालकानं दुसरी बाजू वाचली.
कापायला माणसं यायची त्याच्या आदल्या दिवशी
बाबानं तिच्या एकूण एक बोल्टाला ग्रीस लावलं.
आई म्हणाली, वेड लागलंय.
तो म्हणाला, उघडणाऱ्यानं
बसवणाऱ्याला गाळी देता नये.

गिऱ्हाइकाचं उत्तर मंगळवारी आलं.
दुरुस्ती नको, नवा बांधतोय;
सात वर्षांनंतरचा रुपया आज किती,
त्यांनी माझ्यापेक्षा कडक व्याजानं चेपून पाहिला होता.
जुना मार्चमध्ये वर जाईल, स्वतःच्या नऊ किलोंवर.
नव्याच्या यादीवर मात्र सूचना असल्यास कळवा, म्हणे.

कळवलं.
टाकीला बाहेरून उघडेल असं तोंड, वजन चारशे ग्रॅम.
दोनदा यादी परत आली,
दोनदा त्या ओळीवर लाल रेघ:
चारशे ग्रॅम वर न्यायला काय पडतं, बाईंना ठाऊक असावं.

ठाऊक आहे. तो आकडा मीच काढते.
तिसऱ्यांदा यादी पाठवली आज संध्याकाळी,
ओळ तिथंच, त्याच जागी,
वजन फक्त तीनशे नव्वद केलं.