कुठला हात

परिषदेचं नाव फलकाच्या दोन ओळींत मावलं नाही,
त्यामुळे 'संस्कृती' तिसऱ्या ओळीत एकटी पडली,
रेडिएटरच्या उबेवर जराशी हलत.

माझं काम माइक पोचवायचं.
बिनतारी माइकची बॅटरी फादर गेरवाझींच्या स्वागतातच संपली.
मग कपाटातला जुना काढला, तारेचा.
तार सहाव्या रांगेपर्यंत पुरते.
सातव्या रांगेपासून मागे ज्यांना नीतीबद्दल काही विचारायचं
त्यांनी उठून पुढे यायचं.

फादरांनी सकाळीच बजावलेलं:
तपकिरी कोटवाल्यांना नको, ते संपाच्या वर्षापासून सुरू करतात.
ती विणत बसते तिला चालेल, ती फक्त आभार मानते.
आणि तिसऱ्या रांगेतल्या ब्रोनिस्वावाबाईंना...
इथे त्यांनी चष्मा काढून पुसला...
वेळ उरला तर.

चार नोव्हेंबर झाले मला या कामावर.
वेळ उरलेला मी पाहिलेला नाही.

पाहुणे प्राध्यापक हाग दुभाष्याच्या पावलाने बोलत होते,
एक वाक्य, मग थांबणं, मग एक वाक्य.
म्हणाले, मरणाऱ्याचा हात धरणं
ही सगळ्या नीतिशास्त्राची पहिली ओळ आहे.
पेनं हलली. मीही लिहून घेतलं, बसच्या तिकिटावर.
बाहेर ट्रॉलीबसची दांडी तारेवरून सुटली,
काचेत निळी ठिणगी उडाली,
आणि चालक खाली उतरून दोरी ओढत राहिला,
भर पावसात, मान वर करून.

मग प्रश्न. सभागृहाने हात वर केले.
नीतीच्या परिषदेत सगळेच हात वर करतात,
मला दर वर्षी हसू येतं आणि मी ते खोकल्यात लपवतो.
पहिला प्रश्न तीन भागांचा होता, त्याला चौथा फुटला.
दुसरा प्रश्न नव्हताच, आठवण होती.
ब्रोनिस्वावाबाईंचा हात फार उंच नव्हता.
खुर्चीच्या दांडीवर कोपर टेकवून,
खुंटी मोडल्यावर सलाइनची बाटली धरावी तसा,
न हलता.
मी त्यांच्या बुटांकडे पाहत पुढे गेलो.
फादरांनी दोन बोटं दाखवली, मग एक,
मग कॉफी.

खुर्च्या रचायला परत आलो तर त्या तिथेच,
मांडीवर रुमालात खसखशीच्या केकचे दोन तुकडे.
"चालू आहे का हे?"
बंद करायचा राहिला होता.
त्या उभ्या राहिल्या. व्यासपीठावर
प्राध्यापकांचा अर्धा भरलेला पेला होता, त्याच्याकडे पाहून म्हणाल्या:

"प्राध्यापकसाहेब, तुम्ही म्हणालात हात धरावा.
कुठला?
सुईचा धरवत नाही, तो सुजून निळा पडलेला असतो.
दुसरा बहुतेक भिंतीकडे. आमच्या वॉर्डात खाटा भिंतीला लावलेल्या.
एकतीस वर्षं रात्रपाळी केली. मी खाट ओढायचे.
चाकं गंजकी, करकरायची,
शेजारचा जागा व्हायचा, ओरडायचा,
त्यालाही झोप क्वचितच लागलेली असायची.
तर खाट ओढावी, की नाही?
एवढंच."

दोन्ही स्पीकरमधून 'एवढंच' जरा उशिरा आलं,
एक डावीकडून, एक उजवीकडून.
उत्तर द्यायला कोणी नव्हतं.
म्हणजे, मी होतो.

त्यांनी माइक परत दिला तो मूठ माझ्याकडे करून,
कात्री देतात तसा.
"पुढच्या वर्षी पहिला तुम्हालाच," मी म्हणालो.
"पुढच्या वर्षी विषय वेगळा असेल," म्हणाल्या,
डोक्याला रुमाल बांधला, केक पिशवीत आडवा ठेवला,
आणि दारापाशी थांबून दिवे मालवणाऱ्या माणसाला
त्याच्या गुडघ्याबद्दल काहीतरी विचारलं.

मी तार गुंडाळायला लागलो.
तळवा, कोपर. तळवा, कोपर.
सहाव्या रांगेकडून सुरुवात केली,
तिसरीपाशी आलो तोवर
माझे दोन्ही हात गुंतले होते.