नगण्य

कार्डिफला, सहाव्या मजल्यावर,
गळ्यात अडकवायला दिलेल्या पट्टीवर
माझं नाव चुकलं होतं. नेरिसची नोरिस.
तीन दिवसांसाठी कशाला बोलायचं, म्हणून
मी तीन दिवस नोरिस राहिले.

लेखापरीक्षणाची तोंडओळख. दुपारचं जेवण फुकट.
आम्ही सोळा जण.
माझे बूट बेथन मावशीचे, अर्धा नंबर मोठे,
टाचेत कागदी रुमाल कोंबलेले.
शेजारी न्यूपोर्टची झुबैदा, तिच्या बॅगेत
कॅल्क्युलेटर दोन, एक बंद पडला तर असावा म्हणून.
समोर टोबायस. त्याचे वडील आठव्या मजल्यावर बसतात
हे तो सांगत नव्हता,
पण लिफ्टमध्ये त्याला सगळे ओळखत होते.

पहिल्या दिवशी नावे आणि जमा.
जे येतं ते कुठून तरी गेलेलं असतं,
गेथिन म्हणाला, आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली.
मला हे नवीन नव्हतं.
आमच्याकडे नवा कोट आला
की घरातली एक खोली महिनाभर गार असायची.

दुसऱ्या दिवशी एका बिस्किट कंपनीचं लुटुपुटीचं दप्तर.
पावत्या जुळवा, गोदामाच्या फोटोतली खोकी मोजा.
झुबैदाने एकच बिल दोनदा फेडलेलं पकडलं,
टाळ्या झाल्या.
मला सापडले एकोणीस पेन्स.
ना या बाजूला बसत, ना त्या.
तासभर मी त्यांच्या मागे,
कॉफी गार, मान आखडलेली.
गेथिन वाकला, हसला (वाईट नाही हसला),
म्हणाला, सोड ते.
या कंपनीसाठी आपण पंचेचाळीस हजारांवर रेघ मारलीय.
त्याखालची चूक नगण्य.

मी वहीत लिहिलं: नगण्य.
खाली दोन रेघा, बेरजेखाली मारतात तशा.
मग कुणाचं लक्ष नाही असं बघून
कोपऱ्यात आईचं दुकान मांडलं.
कपडे धुण्याची अकरा यंत्रं, वाळवण्याची चार,
वर्षाचा सगळा गल्ला एकतीस हजार.
अख्खं दुकान रेघेखाली मावलं,
दारावरच्या घंटीसकट, साबणाच्या वासासकट,
आणि वर चौदा हजारांची जागा उरली.

राग आला असं नाही.
रेघ कुठेतरी मारावीच लागते.
दाणा न् दाणा मोजत बसलं
तर बिस्किटं मऊ पडतील, एवढं मलाही कळतं.
फक्त त्या दिवशीचं सँडविच
मी अर्धंच खाल्लं.

तिसऱ्या दिवशी झुबैदाने पगार विचारला.
खोली गप्प झाली,
आणि सगळ्यांनी पेनं उघडली.

ट्रिऑर्कीला उतरले तेव्हा दुकानाचे दिवे अर्धे मालवलेले.
आई यंत्रांचे गल्ले रिकामे करत होती.
ओलसर नाणी, वीस-वीसच्या चवडी,
हातचा करंगळीवर धरलेला.
तिच्या वहीत रकाने तीन: आले, गेले, बटणं.
नाण्याच्या जागी कुणी बटण सरकवलं
तर ती रागावत नाही, लिहून ठेवते;
कोट कुणाचा ते तिला माहीत असतं,
आणि कधी ना कधी तो कोट
शिवायला तिच्याकडेच येतो.

काय शिकलीस? तिने विचारलं.
रेघेचं काही मी बोलले नाही.
नावे आणि जमा, म्हटलं.
बरं, मग हे बघ, ती म्हणाली,
वीस पेन्स कमी येतायत.

मावशीचे बूट काढले.
सात नंबरचं यंत्र दोघींनी मिळून भिंतीपासून ओढलं.
मागे धुळीची उशी, एक मोजा, लहान मुलाचा,
आणि पन्नासचं नाणं.

आता हिशेब तीस पेन्सनी वर.
मी म्हटलं, चला, फायदा.
आईने नाणं पदराला नाही, पुसलं नाही,
नुसतं दिव्याखाली उलटसुलट करून पाहिलं.
आता हे, ती म्हणाली, कुणाचं?
आणि वही मागची मागची पानं उलटत
खाली बसली.