थांबू?

ग्रिम्सबीचं वाचनालय, मंगळवार, साडेपाच.
आम्ही सहाजण आणि एक हीटर,
तोही एकाच बाजूने तापणारा.
कथा सत्तर वर्षांपूर्वीची:
एकजण दूरच्या ताऱ्यापाशी दिवा सांभाळायला गेलाय.
तिथून इथे निरोप यायला अकरा वर्षं,
इथून तिथे जायलाही तेवढीच.
बायको विचारते, मी थांबू?
तो कळवतो, थांब.
पुढे पान कोरं.

क्लिफर्ड स्टँडिश, भूगोलाचे निवृत्त मास्तर,
बिस्किटांच्या पुड्यावर हिशेब मांडतात:
विचारलं तेव्हा एकतीस,
उत्तर हातात पडेल तेव्हा त्रेपन्न.
"गणित बरोबर आहे," ते म्हणतात, जरा हिरमुसून.
चूक सापडली असती
तर त्यांना आजची रात्र सोपी गेली असती.

कॅलम मासळीच्या कारखान्यात रातपाळीला,
सात वाजता निघायचंच असतं त्याला.
"करारात काय लिहिलं होतं?
घरच्यांना कुणी सांगितलंच नाही, अकरा वर्षं म्हणून?"
त्याचा राग कथेवर नसावा.

डोरीनबाई इतका वेळ चष्मा पुसत होत्या.
त्यांचा नवरा आइसलंडकडे ट्रॉलरवर जायचा, तीन-तीन आठवडे.
वायरलेसवर बोलावं तर अख्खं बंदर कान लावून,
मग काय विचारणार?
कोळसा, भाडं, पोराचा दात.
"उत्तर मागायला नाही विचारलंय तिने," त्या म्हणाल्या.
"असं विचारते तेव्हा बाईचं ठरलेलं असतं.
विचारते ती आपली रीत म्हणून."
काय ठरलेलं असतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रासा शब्दकोश घेऊन वाचते, लिथुएनियाची,
म्हणून सावकाश, म्हणून सगळं.
"हिला नाव नाही," ती म्हणाली.
आम्ही पानं उलटली, पुढून मागे, मागून पुढे.
यानाला नाव आहे. कुत्र्याला आहे.
दिव्याच्या काचेलासुद्धा नंबर आहे.
हीटर खुडखुडला. कुणी बिस्कीट घेतलं नाही.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, मी मनात मराठीतच वाचत होते,
आणि तिथे घोटाळा झाला.
आमच्याकडे थांब म्हणजे वाट बघ,
आणि थांब म्हणजे पुरे कर, आता नको.
एकच शब्द. सुरावर ठरतं सगळं,
आणि अकरा वर्षांच्या अंधारातून
सूर कसा येणार?

क्लिफर्डसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.
डोरीनबाई हसल्या,
अशा, की मला आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटलं.

बाहेर खाडीवरचा वारा, धुरावलेल्या हॅडकचा वास.
बसथांब्यावर त्या शब्द घोळवत होत्या,
ओठांत तो नीट बसत नव्हता:
"तांबू? तांबू?"
बस आली. दार उघडून ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला.
काय सांगायचं ते मला सुचेना,
आणि त्या चढल्या.

घरी पिशवीत तो पुडा सापडला.
त्रेपन्न. खाली दोन रेघा, दुसरी जास्त दाबून.
बिस्किटं तशीच.